बेचिराख गावांची गणती

इ. स. १८१६ च्या मार्च महिन्यात नर्मदेकडून निघालेल्या पेंढाऱ्यांच्या स्वारांनी कंपनी सरकारच्या गुंटूर प्रांतात जो हाहाकार माजविला, त्याची चौकशी करण्यास मद्रास सरकारने पुढे खास अंमलदार पाठविले. आणि दहशतीने झालेल्या हानीच्या मोजदादीचा हा जुना दाखला आजही विचार करण्याजोगा आहे. साडेअकरा दिवसांत ३३९ गावे लुटली गेली, १८२ माणसे ठार व ५०५ जबर जखमी झाली आणि ३,६०३ जणांचा छळ झाला. गुंटूर शहरी मूठभर वृद्ध शिपायांनी सरकारी खजिना राखला. रयतेची मत्ता मात्र गेली, आणि तिची किंमत सुमारे अडीच लक्ष पौंड धरण्यात आली.

या आकड्यांत मला सर्वांत बोलका वाटतो तो छळाचा आकडा. पुरलेले द्रव्य दाखवावे म्हणून तप्त राखेचा तोबरा माणसाच्या तोंडावर बांधीत. म्हणजे ज्या पुंजीतून पुढील हंगामाचे बियाणे, बैल आणि सरकारसारा निघावयाचा, तिच्यावरच हा घाला होता. परंतु न पेरलेले शेत आणि वाट सोडून गेलेला व्यापारी यांना त्या हिशेबात रकाना नव्हता. शिवाय पेंढाऱ्यांविरुद्धच्या १८१७-१८ च्या मोहिमेच्या समर्थनार्थ कंपनीने हेच आकडे पुढे केले, हेही वाचकाने ध्यानी धरावे. मात्र या बाबतीत आपल्या मराठी बाजूलाही मान वर करता येत नाही. शिंदे-होळकरांच्या लष्करामागून वावरणाऱ्या या टोळ्यांकडून पालपट्टी हा लुटीवरचा कर घेतला जात असे.

खरी मापनपद्धती मला माळव्यात सापडते. कंपनीचा अधिकारी सर जॉन माल्कम याने नोंदविल्याप्रमाणे होळकरांच्या तेथील ३,७०१ गावांपैकी १८१७ साली केवळ २,०३८ वसती होती. उरलेली १,६६३ दप्तरात बेचिराग, म्हणजेच बेचिराख, म्हणून लागली होती. हा सर्व दोष एकट्या पेंढाऱ्यांचा नव्हे, दरबारी यादवी आणि फौजांच्या कूचमुक्कामांचाही त्यात वाटा होता. तथापि लुटीच्या किमतीपेक्षा गाव पुन्हा वसण्यास लागणारा काळ मोजणे, हेच अशा हानीचे प्रामाणिक परिमाण होय. शांतता झाल्यावर १८१८ मध्ये २६९, १८१९ मध्ये ३४३ आणि १८२० मध्ये ५०८ गावे पुन्हा वसली. ५४३ तरीही ओसाडच राहिली.