वाढदिवस आणि गोष्टीचें पुस्तक

मुलाचा वाढदिवस कसा साजरा करावा, हा विषय एका वृद्ध शाळामास्तरानें भाषणासाठीं निवडावा, याचें आपणांपैकीं कित्येकांस नवल वाटेल. त्याचें कारण आधीं सांगतों. गेल्या वर्षीं माझ्या नातवाचा चवथा वाढदिवस मोठ्या थाटानें झाला. भाड्याचा दिवाणखाना, साठ पाहुणे, आणि एका प्रसिद्ध गोष्टींतील अस्वलाचें सोंग घेतलेला एक सहा फुटी गृहस्थ! अस्वल जवळ येतांच उत्सवमूर्ति आजीच्या पदराआड दडली व "घरीं जाऊं या" म्हणून रडूं लागली. यंदां सूनबाई म्हणाल्या, "बाबा, वाढदिवस गोष्टीच्या पुस्तकावरच करायचा आहे, पण कसा, तें तुम्ही सांगा." आम्हां मास्तरांस प्रश्न आला कीं पुस्तकें उघडावयाची संवय. त्या शोधांत जो इतिहास हातीं लागला, तोच आज आपणांपुढें मांडतों.

गोष्ट आणि वाढदिवस यांची सांगड ही पाश्चात्त्यांकडून आलेली नवी टूम आहे, अशी माझी समजूत होती. ती चुकीची ठरली. आपल्या धर्मग्रंथांत वाढदिवसाचा 'वर्धापन' नांवाचा विधि सांगितला आहे. त्यांत कुलदेवतेबरोबर मार्कंडेयाचें आणि अश्वत्थामा, बळि, व्यास, हनुमान, बिभीषण, कृप व परशुराम या सात चिरंजीवांचें पूजन करावयाचें असतें. मग तीळ व गूळ घातलेलें दूध प्यावयाचें. या नामावळीकडे नीट पाहा. प्रत्येक नांव म्हणजे एकेक कथा आहे. सोळाव्या वर्षीं मृत्यु यावयाचा असा योग असलेला मार्कंडेय शिवलिंगास मिठी मारून वांचला, ही तर मुलाचीच कथा. बालकाच्या आयुष्याचें एक वर्ष सुखरूप पार पडलें, त्या दिवशीं मृत्यूवर मात करणाऱ्या मुलाचें स्मरण करावें, याहून समर्पक योजना कोणती? आपण औक्षण ठेविलें, परंतु गोष्ट सांगणें मात्र सोडून दिलें.

आतां पाश्चात्त्यांकडे वळूं. केनेथ ग्रॅहम हे बँक ऑफ इंग्लंडचे चिटणीस होते. त्यांचा एकुलता एक मुलगा अॅलस्टर. एका डोळ्यानें अंध. १९०७ सालच्या मे महिन्यांत त्याचा सातवा वाढदिवस आला, तेव्हां आईबाप कॉर्नवॉल प्रांतांत फॉलमथ या गांवीं होते व मुलगा शिक्षिकेपाशीं दुसरीकडे होता. बापानें दहा मे रोजीं त्यास वाढदिवसाचें पत्र लिहिलें. आपण एकत्र नाहीं याबद्दल खेद दर्शविला, आणि लगेच बढाईखोर बेडूकरावांची पुढील हकीकत सांगण्यास आरंभ केला. कारण ती गोष्ट घरीं रात्रीं निजतांना चालू होती व मध्येंच तुटली होती. मागून आणखी पत्रें गेलीं. शिक्षिकेनें तीं जपून ठेविलीं. त्यांतूनच १९०८ सालीं 'द विंड इन द विलोज' हें पुस्तक निर्माण झालें. पुढें अॅलस्टर १९२० सालीं, वयाचीं वीस वर्षें पूर्ण होण्यापूर्वींच वारला. पुस्तक मात्र आजही घरोघर वाचलें जातें.

हें वाचून मी पुस्तक मिटलें. मजला माझ्याच मुलाचा पांचवा वाढदिवस आठवला. १९९१ सालचा फेब्रुवारी महिना; आम्हां शिक्षकांस जनगणनेच्या कामावर नेमलें होतें. बिऱ्हाड शहरांत आणि माझी शाळा दूर तालुक्याच्या गांवीं. मलाही घरीं जातां आलें नाहीं. मीं पन्नास रुपयांची मनिऑर्डर केली आणि संदेशाच्या कूपनावर 'वाढदिवसानिमित्त' एवढा एकच शब्द लिहिला. वर्गांतील पन्नास मुलांना रोज गोष्टी सांगणारा मी, माझ्या मुलास मात्र चार ओळी लिहूं शकलों नाहीं.

दुसरें उदाहरण विनोदाचें आहे. 'ट्रेझर आयलंड'चा कर्ता रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन सामोआ बेटावर राहात असतां, अॅनी आइड नांवाच्या मुलीचें गाऱ्हाणें त्याच्या कानीं आलें. तिचा जन्म नाताळच्या दिवशींचा. म्हणून वाढदिवसाचा निराळा आनंद तिच्या वांट्यास येत नसे. १९ जून १८९१ रोजीं स्टीव्हन्सननें रीतसर दस्तऐवज करून आपला १३ नोव्हेंबरचा वाढदिवस तिला बहाल केला. तिनें अटी पाळल्या नाहींत, तर ही देणगी अमेरिकेच्या अध्यक्षांकडे जावी, असेंही त्यांत नमूद आहे! यांत खर्च शाईकागदाचा. परंतु मुलीचें खरें दुःख काय, तें ओळखण्याचे श्रम घेतले होते.

तिसरें उदाहरण इशाऱ्याचें आहे. १९२१ सालीं ख्रिस्तोफर रॉबिन मिल्न या बालकास पहिल्या वाढदिवशीं एक खेळण्यांतलें अस्वल मिळालें. लेखक असलेल्या वडिलांनीं त्याच अस्वलावरून १९२६ सालीं 'विनी द पू' हें पुस्तक लिहिलें आणि तें जगभर गाजलें. त्यांत मुलगाही स्वतःच्या नांवानिशीं आला होता. पुढें शाळेंतील सोबती त्या नांवावरूनच त्याची थट्टा करीत, आणि ही कीर्ति त्यास कशी जाचली, तें त्यानें १९७४ सालीं आपल्या आठवणींत लिहून ठेविलें. गोष्ट मुलासाठीं असावी. मूल गोष्टीच्या शोभेसाठीं नसावें.

या तिन्ही धड्यांवरून आम्हीं यंदांची आंखणी केली. पहिला नियम असा, कीं गोष्ट मुलानें निवडावी, आणि तीही त्यास तोंडपाठ असलेली. नातवानें ससा व कासव यांची शर्यत निवडली. सदाशिव काशिनाथ छत्रे यांनीं १८२८ सालीं इसापनीति मराठींत आणली, म्हणजे हे प्राणी छापील मराठी बोलूं लागल्यास दोनशें वर्षें होत आलीं. दुसरा नियम, मुलाच्या वयाइतकेच सोबती; म्हणजे पांच. तिसरा, कांहीं विकत आणावयाचें नाहीं: जुन्या लुगड्याचें रान, पुठ्ठ्याचे कान, पालथ्या सुपाची कासवाची पाठ. चवथा, सारा समारंभ दीड तासांत आटोपावा. त्यापुढें पांच वर्षांचीं मुलें थकतात आणि थकलीं कीं भांडतात. खाण्यास सशासाठीं गाजराचा हलवा, आणि पिण्यास वर्धापनांतलें तीळगूळ घातलेलें दूध.

औक्षण झालें. कोणी कोण व्हावयाचें, तें ठरूं लागलें. सशासाठीं तिघे भांडले. आम्हां सर्वांची अपेक्षा अशी, कीं उत्सवमूर्ति कासव होईल व शर्यत जिंकेल. नातू म्हणाला, "मी झाड होणार. ससा माझ्याखालीं झोंपतो."

सूनबाईंचा चेहरा उतरला. वाढदिवस ज्याचा, तोच कोपऱ्यांत उभा! छायाचित्रांत काय दिसेल? त्या मजकडे पाहूं लागल्या. मीं त्यांस ख्रिस्तोफर रॉबिनची हकीकत पुन्हां सांगितली नाहीं, एवढेंच म्हटलें, "सूनबाई, गेल्या वर्षीं तो पळून गेला होता. यंदां तो उभा राहण्यास तयार आहे." त्या हंसल्या आणि त्यांनीं हिरवी ओढणी त्याच्या खांद्यांवर घातली. तो सारा वेळ हात पसरून उभा होता. ससा खरोखरच त्याच्या पायाशीं निजला, आणि कासव पुढें निघून गेलें, तेव्हां सर्वांत मोठ्यानें ओरडलें तें झाडच.

रात्रीं निजतांना तीच गोष्ट त्याच्या वडिलांनीं त्यास पुन्हां सांगितली. मी दाराशीं उभा होतों. बाहेर आल्यावर मीं चिरंजिवांपाशीं त्या मनिऑर्डरीचा विषय काढला; इतक्या वर्षांत तो कधीं निघाला नव्हता. तो क्षणभर थांबला व म्हणाला, "बाबा, त्या कूपनावर आणखी पुष्कळ जागा होती."

श्रोतेहो, आपल्या घरांतही अशी मोकळी जागा असेल. पुढचा वाढदिवस येईल तेव्हां दिवाणखाना ठरविण्यापूर्वीं मुलास एवढेंच विचारा, कीं तुला कोणती गोष्ट ऐकावयाची आहे, आणि त्या गोष्टींत तूं कोण होणार? मग त्याचें उत्तर आपल्या मनासारखें नसलें, तरी तें मान्य करा.