उत्तर उशिरा यायचे तेव्हा

नागपुरात मानेवाड्याहून हुडकेश्वरकडे निघाले की लेआउटच्या पाट्यांच्या जोडीने अकरावी-बारावीच्या ट्यूशनच्या पाट्या दिसू लागतात. कॉलेजात गणित धड शिकवले जात नाही म्हणून हे क्लास फोफावले, असे सर्रास बोलले जाते. त्यात तथ्य आहे, पण हे निदान अपुरे आहे. अवघड गणितासाठी शाळेबाहेरचा जाणकार गाठणे ही नागपूरची फार जुनी रीत आहे. बदल झाला तो प्रश्न पडणे आणि उत्तर हाती येणे यांच्यामधल्या अवधीत.

भोसल्यांच्या नागपुरातला एक विद्यार्थी पाहा. 1821 मध्ये जन्मलेले बापूदेवशास्त्री इथल्या मराठी शाळेत अंकगणित शिकले; पण भास्कराचार्यांची ‘लीलावती’ आणि ‘बीजगणित’ समजून घ्यायला त्यांना ढुंढिराज मिश्र या कान्यकुब्ज पंडितांकडे जावे लागले. म्हणजे ट्यूशनच, फक्त पाटी नव्हती. त्यापुढचे गणित नागपुरात मिळेना. 1838 मध्ये सिहोरचे इंग्रज पोलिटिकल एजंट लान्सलॉट विल्किन्सन यांनी या मुलाची हुशारी हेरून त्याला तिथल्या संस्कृत पाठशाळेत नेले. 1842 मध्ये बापूदेव काशीच्या संस्कृत कॉलेजात अध्यापक झाले आणि 1858 मध्ये, भास्कराचार्यांना कलनाची मूळ कल्पना अवगत होती, असा दावा त्यांनी इंग्रजी निबंधातून मांडला. बारावीला आज ज्या डेरिव्हेटिव्हने घाम फुटतो, त्याच विषयाचा हा वाद.

यावर कोणी विचारील, मदत दूर होती म्हणून उशीर व्हायचा. या गैरसोयीला अध्यापनाची पद्धत म्हणायचे का? बापूदेवांपुरता हा आक्षेप मान्य करावा लागतो. पण पुढे हाच उशीर जाणूनबुजून राखला गेला. मद्रास इलाख्यातले डेप्युटी कलेक्टर व्ही. रामस्वामी अय्यर यांनी 1907 मध्ये जी संस्था उभी केली, तीच आजची इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटी. तिचे ग्रंथालय पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात, रँग्लर परांजप्यांच्या आश्रयाला होते. संस्थेच्या नियतकालिकात प्रश्न आधी छापत आणि उकल वाचकांकडून मागवत. ती पुढच्या एखाद्या अंकात येई. 1911 मध्ये रामानुजनांनी त्यात एकात एक गुंतलेल्या वर्गमुळांचा प्रश्न घातला. सहा महिने गेले, कोणाचीच उकल आली नाही, तेव्हा त्यांनी स्वतःच ती दिली. उत्तर होते नुसते 3. ते दुसऱ्याच दिवशी छापले असते तर वाचकाने मान डोलावून पान उलटले असते.

मग गाइड आले, ‘21 अपेक्षित’ आले आणि प्रश्नाखालीच उत्तर बसले. आता डाउटचा फोटो पाठवला की उकल काही मिनिटांत फोनवर येते. याच्या बाजूने दोन भक्कम मुद्दे आहेत. पहिला असा की जुनी मदत मूठभरांची होती. पंडिताच्या घरची वाट कोणत्या जातीच्या मुलाला खुली होती आणि मुलींना तर मुळीच का नव्हती, हे सांगायला नको. ज्या घरात आधी कोणी बारावीचे गणित पाहिलेले नाही, तिथली मुलगी आज हुडकेश्वरच्या क्लासात बसते, हा फायदा कोणत्याही गतवैभवापेक्षा मोठा आहे. दुसरा मुद्दा परीक्षेचा. एमएचटी-सीईटीत गणिताचे 50 प्रश्न 90 मिनिटांत सोडवायचे, म्हणजे एकाला 108 सेकंद. तिथे सहा महिने कोण थांबणार?

पहिला मुद्दा निर्विवाद आहे; पण मदत सर्वांना मिळणे आणि ती तत्काळ मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि क्लासांनी त्या उगाच एकत्र बांधल्या. दुसरा मुद्दा तर उलटाच पडतो. 108 सेकंदांत जे सुचते, ते आधी कधीतरी तासन्‌तास अडकून पडल्यामुळेच सुचते. दुसऱ्याने सोडवलेली शंभर गणिते पाहून फार तर ओळखीचे गणित ओळखता येते. तेव्हा ट्यूशन घेणाऱ्या सरांना आणि मॅडमना एक विनंती: आठवड्याला एक तरी गणित सोमवारी द्या आणि मुलांनी कितीही गळ घातली तरी त्याची उकल शनिवारच्या आत फळ्यावर मांडू नका.