शेवटी उरलेला ‘इन’

मराठी मुलाने ‘आय हॅव नो हाउस टु लिव्ह’ असे लिहिले, की मास्तरांची तांबडी पेन्सिल ठरल्या जागी येऊन थांबते आणि वाक्याच्या शेपटाला एक ‘इन’ जोडते. मुलगा बुचकळ्यात पडतो. ‘मला राहायला घर नाही’ या वाक्यात ‘आत’ कोठेच नाही. मग इंग्रजाला तो कशाला हवा? तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर पोसलेल्या महाराष्ट्राच्या कित्येक पिढ्यांनी हा ‘इन’ निमूटपणे पाठ केला, तो कोठून आला हे विचारण्याच्या भानगडीत फारसे कोणी पडले नाही. वास्तविक त्याच्यामागे हजार वर्षांचा इतिहास आहे, आणि तो सणाच्या दिवसांत वाचण्याइतका खुसखुशीतही आहे.

प्रथम आपल्या घरचेच पाहू. लिहायला कागद, लिहायला लेखणी, लिहायला विषय, बोलायला माणूस. कागदावर लिहायचे, लेखणीने लिहायचे, माणसाशी बोलायचे. परंतु मराठी हे काहीच सांगत बसत नाही. कागदाने कोणी लिहीत नाही आणि लेखणीवर कोणी लिहीत नाही, एवढे ऐकणाऱ्याला कळते, असा तिचा भरवसा आहे. इंग्रजीचा असा भरवसा नाही. तिला ‘पेपर टु राइट ऑन’ हवा, ‘पेन टु राइट विथ’ हवे, ‘सब्जेक्ट टु राइट अबाउट’ हवा. बोलायला माणूस हवा असेल तर ‘समवन टु टॉक टु’ म्हणावे लागते. म्हणजे एका क्रियापदाच्या दोन्ही अंगांना एकेक ‘टु’, जणू दाराच्या दोन बाजूंना दोन भालदार! हे दोन ‘टु’ दिसायला सारखे, पण कामे निराळी. असे का झाले?

सुमारे हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत ‘लिहिणे’ याला ‘व्रीतान’ असा एकच शब्द होता. ‘टु’ त्याच्या आसपासही नव्हता. हे ‘व्रीतान’ अर्धे क्रियापद आणि अर्धे नाम, आपल्या ‘लिहिणे’सारखेच. एखाद्या हेतूकडे बोट दाखवायचे झाले, की त्याला चतुर्थीचा प्रत्यय लावून मागे ‘तो’ हे अव्यय ठेवीत, आणि ‘तो व्रीतेन्ने’ असे रूप होई. ‘तो’ म्हणजे ‘कडे’. आता आपला ‘लिहावयास’ आणि ‘लिहायला’ घ्या. ‘स’ आणि ‘ला’ हे आपल्या चतुर्थीचेच प्रत्यय! भीमा आणि थेम्स यांच्या काठांवरच्या माणसांनी एकमेकांना न विचारता हेतू सांगण्यासाठी एकच युक्ती योजावी, ही भाषेच्या इतिहासातली मला फार आवडणारी गोष्ट आहे.

पुढे 1066 साली नॉर्मन इंग्लंडात आले. प्रत्ययांची झीज त्यापूर्वीच सुरू झाली होती. पुढच्या तीन-चार शतकांत ती जवळजवळ पुरी झाली. ‘व्रीतान’चे ‘व्रीतेन’, त्याचे ‘व्रीते’, आणि अखेर उरला उघडाबोडका ‘राइट’. प्रत्यय गेल्यावर हे रूप ओळखायचे कसे? तेव्हा शेजारी उभ्या असलेल्या ‘टु’वर ते ओझे पडले. ‘कडे’ हा त्याचा मूळ अर्थ इतका पुसट झाला, की हेतू दाखविण्यासाठी लोक त्याच्या मागे आणखी एक ‘फॉर’ लावू लागले. चॉसरच्या काव्यात हे ‘फॉर टु’ आहे, 1611 सालच्या बायबलातही आहे. आजच्या प्रमाण इंग्रजीत ते गावंढळ ठरले आहे.

‘टु’ असा क्रियापदाच्या दावणीला बांधला गेल्यावर घर आणि राहणे यांतले नाते सांगणारे अव्यय निराळे लागणारच. नाम तर आधीच पुढे येऊन बसलेले. म्हणून ‘इन’ला शेवटी एकट्यानेच उभे राहावे लागले. इंग्रजीला यात काही वावगे वाटत नव्हते. अव्यय असे मागे सोडण्याची तिची खोड फार जुनी, नॉर्मनांच्याही आधीची.

वावगे वाटले ते ड्रायडन या कवीला. 1672 साली त्याने बेन जॉन्सनच्या लिखाणात शेवटी लोंबणारी अव्यये शोधून काढली आणि त्यांना दोष दिला. लॅटिनमध्ये अव्यय नामाला सोडून असे मागे राहत नाही, आणि ड्रायडनवर लॅटिनचा पगडा एवढा, की आपले इंग्रजी शंकास्पद वाटले तर आपण ते लॅटिनमध्ये करून पाहतो, असे त्यानेच 1679 साली लिहून ठेवले आहे. नाट्यकाव्यावरचा त्याचा 1668 सालचा निबंध 1684 साली पुन्हा निघाला, तेव्हा त्याने स्वतःचीच अशी वाक्ये वेचून सरळ केली. पुढे 1762 साली रॉबर्ट लोथने व्याकरण लिहिले. हा पुढे लंडनचा बिशप झाला. बोलण्यात ही लकब चालेल, गंभीर लिखाणात अव्यय आधी आणणे बरे, असे त्याचे मवाळ मत होते. आणि इंग्रजीला या लकबीची ओढ आहे हे सांगणारे त्याचे वाक्यच अव्ययाने संपते! ‘अ हाउस इन विच टु लिव्ह’ ही जी भारदस्त रचना आपण परीक्षेत लिहितो, ती असल्या मतांना मानवणारी. घरात कोणी तसे बोलत नाही.

शिवाय नियमाला अपवाद आहेतच. ‘प्लेस टु लिव्ह’ला ‘इन’ लागत नाही, ‘टाइम टु गो’ला काहीच लागत नाही. जागा, वेळ, रीत, कारण या नामांच्या पोटातच ते नाते असते.

‘टु’ आणि क्रियापद यांच्यामध्ये कोणी शिरावे की नाही, यावरही पंडित भांडले. तसे शिरणारे शब्द तेराव्या शतकापासून सापडतात. तरी 1864 साली हेन्री आल्फर्डने त्यांना बंदी सांगितली. 1871 साली ‘अलाबामा’ जहाजाच्या नुकसानीवरून इंग्लंड व अमेरिका यांचा वॉशिंग्टनला तह ठरत होता. नॉर्थकोट हे इंग्रज वकिलांपैकी एक. सरकार इतर बाबतींत नमते घेई, परंतु ‘टु’ आणि क्रियापद यांच्यामध्ये क्रियाविशेषण मुळीच खपवून घेणार नव्हते, अशी हकीकत त्यांच्या चरित्रात आहे. पुढच्याच वर्षी जिनीव्हाच्या लवादाने इंग्लंडला 1 कोटी 55 लक्ष डॉलर भरावयास लावले. व्याकरण मात्र शाबूत राहिले!

या चिमुकल्या शब्दांवर डॉलरांहून मोठ्या गोष्टीही उभ्या असतात. रूझवेल्टने 1941 च्या जानेवारीत चार स्वातंत्र्ये सांगितली, त्यांतल्या दोहोंत ‘फ्रीडम’नंतर ‘ऑफ’ आहे, दोहोंत ‘फ्रॉम’. भाषणाचे व उपासनेचे स्वातंत्र्य निराळे, आणि दैन्यापासून व भयापासून सुटका निराळी. मराठीत ‘स्वातंत्र्य’ आणि ‘मुक्ती’ असे दोन शब्द घ्यावे लागतात, तेथे इंग्रजी नुसते अव्यय बदलते.

आपल्या राज्यघटनेचे एकोणिसावे कलम इंग्रजीत काढून पाहावे. आरंभी ‘राइट’ हे एकच नाम, आणि त्याला टांगलेली, 26 जानेवारी 1950 रोजी घटना अमलात आली तेव्हा, सात पोटकलमे. प्रत्येकाच्या तोंडी ‘टु’. परंतु पहिला ‘टु’ स्वातंत्र्य या नामाला धरून आहे, म्हणजे तो शुद्ध अव्यय. बाकीच्या सहांपुढे जमणे, संस्था काढणे, हिंडणे, राहणे अशी क्रियापदे आहेत. एकाच यादीत ‘टु’चे जुने आणि नवे दोन्ही अवतार शेजारी बसले आहेत. मराठीत या सर्वांना ‘चा’ पुरतो: जमण्याचा, हिंडण्याचा, राहण्याचा अधिकार.

यांतले सहावे पोटकलम मालमत्तेचे होते. ती मिळविणे, बाळगणे आणि तिची विल्हेवाट लावणे, अशी तीन क्रियापदे एकाच ‘टु’च्या खांद्यावर, आणि तिसऱ्याच्या मागे त्याचा स्वतःचा ‘ऑफ’. जमीनसुधारणेच्या कायद्यांपायी या हक्कावरून न्यायालये आणि संसद यांची वर्षानुवर्षे झुंज चालली. अखेर 1978 च्या चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने ते पोटकलम काढून टाकले. 1979 च्या जूनमध्ये ती दुरुस्ती अमलात आली. मालमत्ता आता कलम 300-अ मध्ये आहे. कायद्याच्या अधिकाराखेरीज कोणाची मालमत्ता हिरावून घेता येणार नाही, एवढेच ते सांगते. त्या वाक्यात ‘राइट’ हे नामही नाही आणि ‘टु’ही नाही, ‘ऑफ’ तेवढा उरला आहे.