वारे गेल्यानंतरची उदासी

पक्षाघाताला आपण ‘अंगावरून वारे गेले’ असे म्हणतो. हात लुळा पडतो, तोंड वाकडे होते, बोली अडखळते; एवढे सर्वांना दिसते. जे दिसत नाही ते त्यानंतर सुरू होते, आणि आजचे आमचे बोलणे त्याविषयी आहे. आमचे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे सारे वाचनालयात आणि कामगारांच्या चाळींत झाले. तरीही हा डॉक्टरी विषय आमच्या गळ्यात पडला, तो असा.

आमच्या युनियनमध्ये यंत्रमागावरचा एक जॉबर होता. मागाचे दुखणे नुसत्या आवाजावरून ओळखणारा माणूस. बावन्नाव्या वर्षी त्याच्या उजव्या अंगावरून वारे गेले. चार महिन्यांत हात पुष्कळ सुधारला, पान्हा धरता येईल इतका. पण गडी उठेना. भिंतीकडे तोंड करून पडून राही, सांगितलेला व्यायाम करीना. मालकाने ‘सोंग आहे’ म्हणून पगार बंद केला. मालकाचे एक असो. आम्ही स्वतः त्याच्या उशाशी बसून, संपात कच खाणाऱ्याला सांगावे तशी तासभर हिंमत सांगितली. तो एवढेच म्हणाला, “दादा, कळतंय सगळं, पण आतली दोरीच तुटलीया.” ते बोलणे आम्हांला तेव्हा पळवाट वाटले.

प्रश्न जुनाच आहे. माणूस गेलेल्या हातासाठी झुरतो, की मेंदूतलेच काही तुटल्यामुळे उदास होतो? 1977 साली बाल्टिमोरच्या फोल्स्टीन, मायबर्गर आणि मॅकह्यू या तिघांनी यावर साधा उपाय केला. पक्षाघाताचे 20 रोगी घेतले आणि हाडांच्या दुखण्याने जवळपास तितकेच पांगळे झालेले 10 घेतले. पांगळेपण सारखे, पण उदासी पहिल्यांत शंभरी 45 आणि दुसऱ्यांत 10. माणसे थोडी, म्हणून यावर फार मोठी इमारत उभारता येत नाही. पण दुःख केवळ हातापायाचे नव्हे, ही शंका पक्की झाली. पुढे रॉबर्ट रॉबिन्सन यांनी मेंदूच्या डाव्या, पुढच्या भागावर बोट ठेवले. 2000 साली ‘लॅन्सेट’मध्ये तोवरचे निबंध एकत्र तपासून पाहिले, तेव्हा त्या मताला आधार मिळाला नाही. माणसांत वारे हवे तिथे नेमके पाडता येत नाही, ही खरी अडचण होती.

म्हणून उंदीर आला. पण जुन्या रीतीने मोठी रक्तवाहिनी बंद केली की जनावर लंगडे होई. मग ते पाण्यात पोहायचे थांबले, तर पाय गळाले की मन, हे ठरवणार कसे? हवी होती ती इवलीशी जखम, पाहिजे त्याच जागी.

तिचे साधन दुसऱ्याच शोधातून निघाले. 1980 साली फर्चगॉट यांनी दाखवले की रक्तवाहिनीचे आतले अस्तर मुके नसते. ते वाहिनीला ‘सैल हो’ असा निरोप देते. मग ‘आवळ’ असा निरोपही असेल, म्हणून शोध सुरू झाला. 1988 च्या मार्चमध्ये जपानातील त्सुकुबा विद्यापीठाच्या यानागिसावा, मासाकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो प्रसिद्ध केला. डुकराच्या महारोहिणीच्या अस्तरातील पेशी काचपात्रात वाढवून त्यांनी 21 अमिनो आम्लांची एक साखळी वेगळी काढली. तिचे नाव एंडोथेलिन. यानागिसावा तेव्हा विद्यार्थीदशेतच होते, हे आमच्यासारख्याला विशेष वाटते. त्याच वर्षी बिळात राहणाऱ्या एका सापाच्या विषातही जवळजवळ तशीच, 21 दुव्यांची साखळी सापडली. सापाचे विष आणि आपल्या अंगातला रस हे असे भाऊबंद निघाले!

हा रस लागला की वाहिनी मुठीसारखी आवळते आणि बराच वेळ सुटत नाही; पलीकडचा भाग रक्तावाचून मरतो. 1993 साली एडिंबरोच्या संशोधकांनी उंदराच्या मेंदूतील मोठ्या वाहिनीजवळ तो सोडून पक्षाघात घडवला. आणि 2016 मध्ये कॅनडातील ओटावाच्या मंडळींनी तो छोट्या उंदरांच्या मेंदूच्या पुढील भागात, डाव्या बाजूस टोचला. मात्रा किती? एका ग्रॅमचे अडीच लाख भाग केले तर त्यांतला एक. जखम झाली एक घन मिलिमीटरची, मोहरीच्या दाण्याहून लहान. पंजाची पकड शाबूत, चालणे-धावणे पूर्वीसारखे. तरीही पाण्यात सोडल्यावर हे उंदीर लवकर हातपाय सोडून तरंगत राहिले, आणि उघड्या जागी जायला घाबरू लागले.

हे वाचताना आमच्यापुढे तो जॉबर उभा राहिला. हात चालू, आणि दोरी तुटलेली.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. त्या उंदरांची साखरपाण्याची गोडी गेली नव्हती. म्हणजे माणसाची सगळी उदासी त्यांच्यात उतरली होती असे म्हणता येत नाही. तरंगणारा उंदीर निराश असतो की शहाणपणाने दम राखतो, यावरही वाद आहे. मुक्या जीवाला बुडवून ही परीक्षा घ्यायची, हे आम्हांला आवडत नाही. पण त्याचे फळ आपण घेतो, तेव्हा नुसते नाक मुरडणे खरेपणाचे नव्हे.

औषधाचीही गोष्ट अशीच गुंत्याची. 2018 मध्ये ब्रिटनमधील 3,127 रोग्यांवरच्या चाचणीचे निकाल आले. निम्म्यांना सहा महिने फ्लुओक्झेटीन दिले होते. उदासी कमी जणांना आली, हाडे मात्र जास्त जणांची मोडली, आणि हातापायांच्या सुधारणेत काहीच फरक पडला नाही. तेव्हा गोळी सरसकट नव्हे, माणूस पाहून द्यायची.

आमच्या जॉबरला अखेर एका सरकारी डॉक्टरने, आम्ही कोणी न विचारलेले, विचारले: झोप कशी आहे, रडू येते का, जगावेसे वाटते का. औषध सुरू झाले. दोन महिन्यांनी तो उठून बसला; औषधाने की काळाने, ते आम्ही सांगू शकत नाही. त्याच्या नुकसानभरपाईच्या अर्जात आम्ही पूर्वी फक्त उजव्या हाताचे लिहिले होते. तो अर्ज परत मागवून त्यात मनाच्या दुखण्याची ओळ घातली आणि डॉक्टरांचा दाखला जोडला.