पचन व अभिशोषण
भाकरीचा घास सावकाश चावला असता हळूहळू गोड लागतो, ते लाळेतील एंझाइमाने पिष्टाचे शर्करेत रूपांतर आरंभिल्याचे चिन्ह होय. जठरातील अम्ल व पेप्सीन प्रथिनांचे विघटन सुरू करतात. परंतु पचनाचा खरा कारभार चालतो तो सुमारे ६ मीटर लांबीच्या लहान आतड्यात, जेथे पित्त स्निग्ध पदार्थांचे सूक्ष्म कण करते आणि स्वादुपिंडाचा रस सर्व अन्नघटकांचे विभाजन पुढे नेतो. या आतड्याचे अस्तर मखमलीसारखे भासते, कारण त्यावर जेमतेम १ मिलिमीटर उंचीचे असंख्य रसांकुर असतात. शर्करा व ॲमिनो अम्ले त्यांतील केशवाहिन्यांवाटे यकृताकडे रवाना होतात, तर बहुतेक स्निग्धांश, ही योजना विशेष विस्मयकारक होय, यकृत टाळून लसीकावाहिन्यांच्या आडवाटेने रक्तात दाखल होतो. मोठे आतडे मुख्यतः उरलेले पाणी व लवणे शोषते.