क्लच पेडलचा स्विच आणि पुण्याचा वायरमन

ट्रकच्या क्लच पेडलच्या दांड्यापाशी, डॅशबोर्डखालच्या अंधारात, एक लहानसा स्विच बसवलेला असतो. ड्रायव्हरचा पाय पेडलवर पडला की उचलला गेला, एवढी एकच बातमी तो इंजिनाच्या संगणकाला देतो. हा स्विच क्लच सोडवत नाही की गिअर बदलत नाही. तो बिघडला तरी ट्रक बहुतेक वेळा चालत राहतो. तरीही त्याच्या वायरिंगमधला दोष शोधण्यात अर्धा दिवस जाऊ शकतो, कारण दोष दिसतो एकीकडे आणि असतो दुसरीकडे. पुण्यातल्या ट्रकदुरुस्तीच्या धंद्यात कित्येक दशके क्लचचा आणि विजेचा एकमेकांशी काडीचाही संबंध नव्हता. तो जुळला तेव्हा या धंद्यातली जुनी उतरंड विस्कटली.

पुण्याला येणाऱ्या मालगाड्यांना घाट चुकत नाहीत. मुंबईकडून बोरघाट, तिथला गाडीरस्ता १८३० साली खुला झाला. साताऱ्याकडून खंबाटकी आणि कात्रज. ट्रक शहरात पोचायचा तो क्लच आणि ब्रेक झिजवूनच. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर एसटीची पहिली बस निघाली आणि पुढे दापोडीला एसटीची मध्यवर्ती कार्यशाळा उभी राहिली. तिथे जड वाहने पूर्ण खोलून बांधली जात. खासगी ट्रकमालकाला मात्र पेठांतले गॅरेज गाठावे लागे. नाना पेठेत सुट्या भागांची दुकाने, शेजारच्या भवानी पेठेत ट्रान्सपोर्टवाल्यांच्या वखारी, आणि त्यांच्या आजूबाजूला मिस्त्री. पेठांत ट्रक वळेनासे झाले तशी गॅरेजे मार्केट यार्ड, कात्रज, निगडीची ट्रान्सपोर्टनगरी अशी बाहेर सरकली.

या गॅरेजांत एका माणसाने सगळा ट्रक दुरुस्त करण्याची पद्धत नव्हती. इंजिनवाला मिस्त्री वेगळा, गिअरबॉक्स आणि क्राउन उतरवणारा वेगळा. कमानपाटे बदलणारा कमानीवाला, रेडिएटर झाळणारा, बॉडीचे पत्रे ठोकणारा डेंटर, त्याच्यामागे पेंटर. सगळ्यांत वरचा मान पंपवाल्याचा. डिझेल पंप आणि नोझल कॅलिब्रेट करणारा हा कारागीर काचेच्या केबिनमध्ये बसे, त्याच्याकडे लाखमोलाचे टेस्ट बेंच असे, आणि इंजिन धूर सोडते की ओढत नाही याचा शेवटचा निवाडा तोच देई. वायरमन या उतरंडीत पार खाली. डायनॅमो, सेल्फ, हॉर्न, दिवे आणि वायपर एवढेच त्याचे राज्य. रस्त्यात वाहतूक पोलिसाने अडवले की त्याची आठवण व्हायची.

यात त्याच्यावर अन्याय होता असे म्हणता येणार नाही. त्या काळच्या डिझेल इंजिनाला चालण्यासाठी विजेची गरजच नव्हती. टाटांच्या टेल्कोने १९५४ साली डाइम्लर-बेन्झशी करार करून जमशेदपूरला बांधायला घेतलेले ट्रक असोत की अशोक लेलँडचे, इंधनपंप सगळा यांत्रिक. सेल्फने इंजिन एकदा उचलले की बॅटरी सोडवून बाजूला ठेवली तरी ते फिरत राही. बंद करायला ड्रायव्हर स्टॉपची केबल ओढत असे. क्लचही तसाच: पेडल, रॉड, फोर्क, बेअरिंग, प्रेशर प्लेट, क्लच प्लेट. त्याचा आजार पायाला, कानाला आणि नाकाला कळे. इंजिन वाढते पण गाडी ओढत नाही आणि जळका वास येतो, म्हणजे लायनर संपले. पेडल पूर्ण दाबूनही गिअर खर्रकन वाजतो, म्हणजे क्लच सुटत नाही. पाय ठेवताच शिट्टीसारखा आवाज येतो आणि उचलताच थांबतो, म्हणजे बेअरिंग गेले. गिअरबॉक्समध्ये सिंक्रोमेश नसे, त्यामुळे प्रत्येक गिअरला डबल क्लच मारावा लागे; घाटात ते न जमणारा माणूस क्लीनरच राही.

या सगळ्या काळात पुणे इंजिनांचे गाव होत गेले. १९४६ साली खडकीत किर्लोस्कर ऑइल इंजिन्स सुरू झाली. १९६२ साली कोथरूडला किर्लोस्कर आणि अमेरिकेतल्या कमिन्स यांचा भागीदारीतला कारखाना आला, तोच पुढे कमिन्स इंडिया झाला. १९६६ साली ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया, म्हणजे एआरएआय, वेताळ टेकडीवर उभी राहिली आणि १९६७ साली भोसरीत सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ रोड ट्रान्सपोर्ट. टेल्कोने कंपनीचे प्रमुख सुमंत मुळगावकर यांच्या काळात पिंपरी-चिंचवडला जागा घेतली. तिथून पहिले व्यापारी वाहन १९७७ साली बाहेर पडले आणि १९८६ साली ४०७ हा हलका ट्रक. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवण्यासारखी आहे. कोथरूडचे कमिन्स इंजिन अनेक वर्षे हमरस्त्यावरच्या ट्रकात दिसतच नव्हते. ते डंपरात, क्रेनमध्ये, जनरेटरमध्ये असे. ट्रकमध्ये ते सर्रास आले ते टाटा कमिन्सच्या १९९३ सालच्या भागीदारीनंतर, आणि तो कारखानाही निघाला जमशेदपूरला. पुण्याच्या जवळ, फलटणला, या भागीदारीचा दुसरा कारखाना बराच उशिरा आला. त्यामुळे कोथरूडला इंजिने घडत असली तरी भवानी पेठेतल्या मिस्त्रीचा त्यांच्याशी संबंध बेताचाच होता.

क्लचला तार जोडली गेली ती धुराच्या नियमांमुळे. २००० सालापासून भारतात धुरावरच्या मर्यादा टप्प्याटप्प्याने कडक होत गेल्या. एप्रिल २०१० मध्ये बीएस-४, म्हणजे भारत स्टेज ४, हा टप्पा लागू झालेल्या १३ शहरांत पुणे आणि सोलापूर दोन्ही होती, पण देशभर फिरणाऱ्या ट्रकला तसले डिझेल सगळीकडे मिळणार नव्हते. म्हणून जड वाहनांत खरा पालट झाला तो १ एप्रिल २०१७ रोजी बीएस-४ आणि १ एप्रिल २०२० रोजी बीएस-६ सगळ्या देशाला लागू झाल्यावर. यांत्रिक पंपाला हे आकडे झेपणारे नव्हते. त्याची जागा कॉमन रेलने घेतली आणि कोणत्या सिलिंडरला किती डिझेल कधी द्यायचे हे ईसीएम, म्हणजे इंजिनाचा संगणक, ठरवू लागला. डिझेलचा कारभार हातात घेतलेल्या या संगणकाला गाडीत काय चालले आहे ते कळणे भागच होते: ॲक्सिलरेटर किती दाबला, ब्रेक लावला का, वेग किती, आणि क्लच दाबला का.

क्लचची खबर त्याला तीन-चार कामांसाठी लागते. ड्रायव्हरने क्रूझ कंट्रोल लावलेले असताना क्लच दाबला तर चाकांचा भार एकदम सुटतो. त्याच क्षणी क्रूझ तुटले नाही तर इंजिन भरमसाट वाढेल. इंजिन ब्रेकचे उलट आहे. बोरघाट उतरताना तो गाडी अडवून धरतो, पण गिअर बदलायला क्लच दाबला असताना तो चालूच राहिला तर इंजिन बंद पडायचे. टिपर किंवा टँकरवरचा पंप फिरवणारे पीटीओही याच खबरीवर अवलंबून असते. काही ट्रकांत क्लच पूर्ण दाबल्याशिवाय सेल्फ लागत नाही; त्यासाठी पेडलच्या तळाशी दुसरा स्विच असतो, आणि हे दोन स्विच एकच समजून चुकीचा बदलणे ही गॅरेजातली नेहमीची गंमत. गाडीतले निरनिराळे संगणक ज्या जे-१९३९ या ठरलेल्या पद्धतीने एकमेकांशी बोलतात, तिच्यात क्लच स्विचला ५९८ हा क्रमांक दिलेला आहे. स्कॅनरवर तो आकडा उमटला की तक्रार कुठल्या सर्किटची ते कळते. तक्रार स्विचची आहे की तारेची, ते कळत नाही.

सर्किट तसे साधे. ईसीएमकडून एक सिग्नलची तार स्विचकडे जाते आणि दुसरी परत येते. पुष्कळ इंजिनांत पेडल मोकळे असताना स्विच जोडलेला असतो आणि पाय पडताच तो तुटतो. ही मांडणी विचारपूर्वक केलेली आहे. कुठे तार तुटली, कपलर निसटला, पिनेवर गंज चढला, तर संगणकाला क्लच कायम दाबलेलाच वाटतो. मग क्रूझ लागत नाही, इंजिन ब्रेक घेत नाही. ड्रायव्हर कुरकुरतो, पण इंजिन हाताबाहेर जात नाही. धोका उलट्या बिघाडात आहे. स्विच आत चिकटला किंवा दोन तारा एकमेकींना भिडल्या तर क्लच कधी दाबलाच जात नाही असे संगणक समजतो. काही इंजिनांत यावरही पहारा असतो: गाडी थांबली, पुन्हा निघाली, वेगात आली, आणि इतक्या वेळात क्लच एकदाही हलला नाही, हे न पटून ईसीएम दिवा लावतो.

जुन्या वायरमनच्या हाती अशा वेळी टेस्ट लॅम्प असे, म्हणजे दोन तारा जोडलेला बल्ब. सिग्नलच्या तारेवर तो लावणे म्हणजे रोग बरा करताना रोगी मारणे. २४ व्होल्टचा २१ वॅटचा बल्ब जवळजवळ पाऊण-एक अँपिअर ओढतो. संगणकाची ती पिन त्याच्या शेकडो पटींनी कमी प्रवाहासाठी केलेली असते. म्हणून इथे मल्टिमीटरच लागतो. तार तपासायला तिच्या प्लास्टिकमध्ये सुई खुपसण्याची सवयही सोडावी लागली. पावसाळ्यात त्या भोकातून पाणी शिरते, तांबे हिरवे पडते आणि काही महिन्यांनी तीच जागा नवा दोष होऊन बसते.

नीट शोध पेडलपासून सुरू होतो. पेडल पूर्ण वर येते का, स्प्रिंग मेली आहे का, फ्री प्ले किती, स्विचची दांडी पेडलच्या पट्टीला टेकते का. क्लच प्लेट बदलल्यावर पेडलची सेटिंग हलते आणि स्विच अर्धवट दाबला राहतो, हे फार वेळा घडते; तिथे पाना फिरवून काम भागते, नवा स्विच लागत नाही. पायांखालचा चिखल आणि धुण्याचे पाणीही कपलरमध्ये जाते. त्यानंतर स्कॅनर लावून एकाने पेडल दाबायचे आणि दुसऱ्याने पडद्यावर नोंद बदलते का ते पाहायचे. बदलत नसेल तर स्विचचा कपलर सोडवून हार्नेसच्या, म्हणजे तारांच्या जुडग्याच्या, बाजूच्या दोन पिना आखूड तारेने जोडायच्या आणि पुन्हा सोडायच्या. आता नोंद बदलली, तर तारा आणि ईसीएम ठीक, दोष स्विचमध्ये. बदलली नाही, तर स्विच निर्दोष असण्याचाच संभव जास्त आणि शोध तारेकडे वळवायचा.

मीटरचे आकडे ठरलेले आहेत. कमिन्सच्या पद्धतीत जोडलेला स्विच किंवा सलग तार १० ओहमपेक्षा कमी रोध दाखवते. तुटलेला स्विच, किंवा चॅसिसला न भिडलेली तार, एक लाख ओहमपेक्षा जास्त. मधला आकडा आला की समजावे, कुठेतरी गंज किंवा ओल आहे. हे मोजताना चावी बंद आणि कपलर दोन्ही टोकांना सुटा हवा, नाहीतर मीटर दुसऱ्याच वाटेचा रोध मोजतो. दोष अधूनमधून येणारा असेल तर मीटर लावलेला ठेवून हार्नेस टप्प्याटप्प्याने हलवायचा. केबिन जिथे मागेपुढे कलते, तार जिथे पत्र्याच्या कडेवरून जाते, तिथे आकडा उडी मारतो. ईसीएम बदलण्याचा विचार सगळ्यांत शेवटी, आणि बहुधा तो करावा लागत नाहीच.

ही शिस्त गॅरेजात एका दिवसात आली नाही. आरंभी सर्रास उपाय एकच होता: तारा एकत्र पिळून टेप मारायची, म्हणजे ‘डायरेक्ट’ करायचे. दिवा विझे, ड्रायव्हर खूश होऊन जाई, आणि क्रूझ किंवा इंजिन ब्रेक क्लच दाबल्यावरही सुटेनासा होई. हॉर्न किंवा फॉग लॅम्प डायरेक्ट करण्यात जे खपत होते ते इथे खपण्याजोगे नव्हते. कंपन्यांची सर्व्हिस सेंटरे लॅपटॉप घेऊन आधीपासून बसलेली होती. रस्त्यावरच्या वायरमनकडे निरनिराळ्या कंपन्यांच्या गाड्या वाचणारे स्कॅनर हळूहळू आले. आयटीआयच्या डिझेल मेकॅनिकच्या शिक्षणात सेन्सर आणि ईसीएम शिरले. नोझल कॅलिब्रेट करणाऱ्याची केबिन अजून आहे, पण निवाडा आधी स्कॅनरवाला देतो आणि मग गाडी पंपवाल्याकडे जाते.

दरम्यान शहराच्या दुसऱ्या अंगाला या संगणकांची विद्या वाढत होती. कमिन्सच्या साहाय्याने महर्षी कर्वे स्त्रीशिक्षण संस्थेने १९९१ साली कर्वेनगरला मुलींचे अभियांत्रिकी महाविद्यालय काढले; १९९० साली पुण्यात सुरू झालेली केपीआयटी ही कंपनी काही वर्षे केपीआयटी कमिन्स या नावाने चालली आणि वाहनांसाठीच्या सॉफ्टवेअरमध्ये उतरली. वाहनाच्या संगणकाने कुठल्या खबरीवर काय करावे हे लिहिणारा आणि निगडीत पेडलखाली आडवा पडून कपलर सोडवणारा, दोघे एकाच शहरात काम करतात. त्यांची गाठ पडते ती फक्त त्या फॉल्ट कोडमधून.

स्विचचे दिवसही बदलत आहेत. नव्या ट्रकांत नुसत्या चालू-बंद स्विचऐवजी पेडल किती दाबले ते मोजणारा पोझिशन सेन्सर येतो. त्याला तिसरी तार असते आणि तो ओहमने नव्हे, व्होल्टने तपासावा लागतो. ऑटोमेटेड गिअरबॉक्समध्ये क्लच आहे पण पेडल नाही. आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये पुण्याच्या शहर बससेवेच्या, म्हणजे पीएमपीएमएलच्या, ताफ्यात दाखल झालेल्या विजेच्या बसमध्ये दोन्ही नाहीत.