ऊतकपट शस्त्रक्रिया व श्राव्यातीत ध्वनी

शरीराच्या एका भागातील ऊतक (समान रचना व कार्य असलेल्या कोशिकांचा समूह) त्याच्या रक्तपुरवठ्यासह दुसऱ्या भागावर बसविण्याच्या शस्त्रक्रियेस ऊतकपट शस्त्रक्रिया म्हणतात. रक्तपुरवठा तुटल्यास पट मृत होतो. म्हणून त्यातील रक्तवाहिन्यांचा शोध हाच या शस्त्रक्रियेच्या इतिहासाचा गाभा होय.

सुश्रुतसंहितेत गालाच्या त्वचेने नाक घडविण्याचे वर्णन आहे. तिसऱ्या इंग्रज–म्हैसूर युद्धात इंग्रज सैन्यातील कावसजी या गाडीवानाचे नाक व एक हात टिपूच्या कैदेत कापले गेले. सु. एक वर्षानंतर विटा बनविणाऱ्या जातीतील एका कारागिराने पुण्याजवळ त्याला कपाळाच्या त्वचेचे नाक बसविले. मेणाचा नमुना कपाळावर सपाट करून त्याभोवती रेषा आखली आणि पट उचलताना दोन्ही डोळ्यांमध्ये त्वचेचा अरुंद दुवा राखला. या दुव्यामुळे पट रुजेपर्यंत रक्ताभिसरण टिकते, असे लंडनच्या जेंटलमन्स मॅगझीनमधील ऑक्टोबर १७९४ च्या वृत्तांतात नमूद आहे. त्यावरून प्रेरणा घेऊन जोसेफ कार्प्यू यांनी १८१४ मध्ये लंडन येथे अशी शस्त्रक्रिया केली.

कार्ल मँचोट यांनी १८८९ मध्ये त्वचेच्या रोहिण्यांचा नकाशा प्रसिद्ध केला. तथापि या रोहिण्यांची जागा व्यक्तिपरत्वे बदलते. स्नायूतून त्वचेकडे येणाऱ्या एकाच बारीक रोहिणीवर पट जगू शकतो, हे कोशिमा व सोएदा यांनी १९८९ मध्ये दाखविल्यावर ती रोहिणी आधी शोधणे अगत्याचे झाले. त्यासाठी श्राव्यातीत ध्वनीचा उपयोग होतो. वाहत्या रक्तकोशिकांवरून परावर्तित होणाऱ्या ध्वनीची कंप्रता बदलते (डॉप्लर परिणाम). हातात मावणारे उपकरण हा बदल ऐकवते. रंगीत डॉप्लर प्रतिमेत रोहिणीची खोली, व्यास व प्रवाहाचा वेग कळतो. तिची जागा त्वचेवर शाईने खूण करून पटाची रेषा आखतात. साधे उपकरण खोलवरच्या मोठ्या रोहिणीचा आवाजही पकडत असल्याने फसगत होऊ शकते. प्रतिमा पद्धतीत तपासणाऱ्याचे कौशल्य निर्णायक ठरते.

औद्योगिकीकरणानंतर युद्धाप्रमाणेच कारखान्यांतील इजांमुळेही अशा शस्त्रक्रियांची गरज वाढली. पालघर जिल्ह्यातील बोईसर–तारापूरसारख्या औद्योगिक क्षेत्रात यंत्रात सापडलेला हात किंवा रसायनाने भाजलेली त्वचा यांवर उपचार करताना ही पद्धत विशेष उपयुक्त ठरते. कारण तिला किरणोत्सर्ग वा अंतःक्षेपण लागत नाही आणि रुग्णाच्या खाटेजवळच तपासणी होते. पुण्याच्या कारागिराने राखलेला दुवा डोळ्यांना दिसत होता, त्यातील रोहिणी दिसत नव्हती. ती आता छेद घेण्यापूर्वीच पाहता येते.